बाबासाहेबांनी पाहिलेली वाट

मार्च महिना आला की आपल्या वस्त्यांमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षांची धामधूम असते. पण अलीकडे काही घरांत याच दिवसांत वेगळीच घालमेल पाहायला मिळते. अंबरनाथच्या एका चाळीतील मुलगी माझ्या ओळखीची आहे. वडील कारखान्यातून निवृत्त झालेले, आई घर सांभाळते. मुलगी पदवीधर झाली, दोन वर्षे नोकरी केली आणि गेल्या डिसेंबरात तिने सार्वजनिक धोरण या विषयाच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी देशातल्या दोन आणि परदेशातल्या तीन विद्यापीठांकडे अर्ज पाठवले. तेव्हापासून ती वाट पाहते आहे. तिकडचा दिवस म्हणजे आपली रात्र. म्हणून रात्री दोन-तीनदा उठून मोबाईल बघते. सकाळी खचाखच भरलेल्या गाडीत एका हाताने दांडी धरून दुसऱ्या हाताने पुन्हा तेच. आई रोज विचारते, उत्तर आले का? शेजारी विचारतात, हा विषय तरी कसला, त्यातून नोकरी लागते का? मागच्या रविवारी विहारात भेटली तेव्हा तिने मला हळूच विचारले की, काका, कुठूनच होकार आला नाही तर मी काय करायचे?

तिला मी तिथल्या तिथे काही उत्तर दिले नाही. धीर धर, होईल सगळे ठीक, असे म्हणणे सोपे असते. घरी आल्यावर मात्र मनात आले की, ज्या महामानवाच्या प्रतिमेसमोर उभी राहून ही मुलगी विचारत होती, त्या बाबासाहेबांचे अर्धे विद्यार्थी जीवन अशीच वाट पाहण्यात गेले आहे. आपण त्यांच्या पदव्या मोजतो. जयंतीच्या बॅनरवर एम. ए., पीएच. डी., एम. एस्सी., डी. एस्सी., बॅरिस्टर अशी रांग छापतो. पण एका पदवीपासून दुसऱ्या पदवीपर्यंत जाताना किती दारांवर थांबावे लागले, कोणाच्या सहीसाठी थांबावे लागले आणि त्या थांबण्याचा खर्च कोणी सोसला, हे आपण मुलांना सांगत नाही. ते आज सांगायला हवे. शेजाऱ्यांच्या प्रश्नाचे उत्तरही त्यातच आहे. कारण आज ज्याला सार्वजनिक धोरण म्हणतात, म्हणजे सरकारने पैसा कोणाकडून घ्यावा, कोणावर खर्च करावा, कायदा कोणासाठी करावा, याचा शास्त्रशुद्ध विचार, तोच तर बाबासाहेबांचा विषय होता.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. त्या काळी अस्पृश्य समाजातील मुलगा मॅट्रिक होणे ही नवलाची गोष्ट होती. सी. के. बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्काराची सभा झाली. त्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र भीमरावांना भेट दिले. चर्नी रोडच्या बागेत एकटाच वाचत बसणाऱ्या या मुलाकडे गुरुजींचे लक्ष आधीच गेले होते. पुढे इंटरनंतर सुभेदार रामजींची आर्थिक ताकद संपली. शिक्षण थांबणार अशी वेळ आली. तेव्हा केळुसकर गुरुजी भीमरावांना घेऊन बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे गेले. महाराजांनी दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर केली आणि १९१२ साली भीमराव एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झाले.

१९१३ च्या जानेवारीत ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. काही दिवसांतच वडील आजारी असल्याची तार आली. मुंबईकडे निघाले असता सुरतेला वडिलांसाठी मिठाई घ्यायला ते उतरले आणि गाडी सुटली. पुढच्या गाडीची वाट पाहावी लागली. घरी पोहोचले तेव्हा सुभेदार अखेरच्या घटका मोजत होते. २ फेब्रुवारी १९१३ रोजी त्यांनी प्राण सोडला. मुलाच्या शिक्षणासाठी ज्या बापाने कर्ज काढले, दागिने गहाण टाकले, तो बाप मुलाचे परदेशगमन पाहायला राहिला नाही.

त्याच वर्षी सयाजीराव महाराज काही विद्यार्थ्यांना अमेरिकेला पाठवणार असल्याचे कळले. भीमराव मुंबईत महाराजांना भेटले. कोणता विषय शिकणार, असे महाराजांनी विचारले. समाजशास्त्र, अर्थशास्त्र आणि विशेषतः सार्वजनिक वित्त, असे त्यांनी सांगितले. शिकून काय करणार, या प्रश्नावर आपल्या समाजाची स्थिती सुधारण्याचा मार्ग त्यातून सापडेल, अशा अर्थाचे उत्तर दिले. आज विद्यापीठे अर्जासोबत उद्देशाचे निवेदन मागतात. दोन पाने लिहिता लिहिता आपली मुले महिनाभर घाम गाळतात. बावीस वर्षांच्या भीमरावांचे निवेदन दोन वाक्यांत संपले होते, कारण काय करायचे आहे ते पक्के ठाऊक होते. ४ जून १९१३ रोजी बडोद्यात करार झाला. तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड मिळणार आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची.

जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठाच्या राज्यशास्त्र विद्याशाखेत दाखल झाले. सेलिग्मन, डुई, गोल्डनवायझर, शॉटवेल अशी माणसे शिकवायला होती. पदवीपुरते चार विषय घेऊन ते थांबले नाहीत. अर्थशास्त्राचे एकोणतीस, इतिहासाचे अकरा, समाजशास्त्राचे सहा, तत्त्वज्ञानाचे पाच, मानववंशशास्त्राचे चार असे अभ्यासक्रम त्यांनी केले. मिळणाऱ्या पैशांतून घरीही पाठवायचे होते. एक वेळ कमी जेवले तरी जुनी पुस्तके घेणे सुटले नाही. १९१५ साली ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि वित्तव्यवस्था यांवरील प्रबंधाने एम. ए. झाले. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात त्यांनी भारतातील जातींवरचा निबंध वाचला. जातीची घडण, तिचा उगम आणि तिचा प्रसार यांची मांडणी करणारा हा निबंध आजही जगभर वाचला जातो. आणि जूनमध्ये पीएच. डी.चा प्रबंधही सादर केला.

एवढे झाले म्हणजे डॉक्टर झाले, असे आपल्याला वाटते. तसे झाले नाही. प्रबंध छापून त्याच्या प्रती दिल्याशिवाय पदवी देत नाही, असा कोलंबियाचा त्या वेळचा नियम होता. छपाईला पैसे नव्हते. ती गोष्ट अकरा वर्षे लांबली. तिच्याकडे पुढे येऊच.

१९१६ च्या उन्हाळ्यात ते लंडनला गेले. सेलिग्मन यांनी तिथल्या प्राध्यापक फॉक्सवेल यांना त्यांच्याबद्दल पत्र लिहिले होते. ऑक्टोबरात लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि नोव्हेंबरात बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये प्रवेश मिळाला. प्रवेश मिळाला, अभ्यास सुरू झाला, आणि वर्षाच्या आतच बडोद्याहून बोलावणे आले. शिष्यवृत्तीची मुदत संपली होती. ज्या दारातून आत जायला इतकी वर्षे गेली, त्या दारातून पाठ फिरवावी लागली. तरीही निघण्यापूर्वी त्यांनी एक गोष्ट केली आणि ती आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावी अशी आहे. ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू करण्याची परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून मिळवली. जाताना दार पूर्ण लागू दिले नाही, एक पाय उंबऱ्यात ठेवला.

महायुद्ध चालू होते. ते स्वतः वेगळ्या बोटीने आले, सामानाची बोट मात्र शत्रूने बुडवली. त्यात त्यांची पुस्तके गेली. ऑगस्ट १९१७ मध्ये ते मुंबईत उतरले. बुडालेल्या सामानाची भरपाई म्हणून सहाशे रुपये मिळाले. त्यातून घराला हातभार लावला आणि बडोद्याच्या गाडीचे भाडे भरले. कोलंबिया आणि लंडन येथे शिकलेला हा विद्वान बडोद्यात आला तेव्हा राहायला कोणी खोली देईना. पारशी नाव सांगून एका पारशी धर्मशाळेत राहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि संध्याकाळच्या आत निघून जा म्हणाला. दोन मित्रांकडे आसरा मागितला, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. दोघांनीही सबब सांगितली. मग कामाठी बागेत जाऊन ते बसले. मुंबईची गाडी रात्री नऊला होती. चार-पाच तास त्या बागेत बसून त्यांनी गाडीची वाट पाहिली. त्या बागेत बसलेल्या माणसाकडे त्या क्षणी ना घर होते, ना नोकरी, ना हाती आलेली पीएच. डी.

बंधू-भगिनींनो, बाबासाहेबांनी पुढे स्वतःच्या अनुभवांचे एक छोटेसे टिपण इंग्रजीत लिहिले. त्यात हा प्रसंग आहे. त्या टिपणाला त्यांनी नाव दिले, व्हिसाची प्रतीक्षा. ते त्यांच्या हयातीत छापले गेले नाही. १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते प्रसिद्ध केले आणि आज कोलंबिया विद्यापीठात ते अभ्यासाला आहे. परदेशी जाण्याचा परवाना त्यांना मिळाला होता. पण आपल्याच देशात माणूस म्हणून वावरण्याचा परवाना कोणी देत नव्हते. त्याची वाट त्यांना न्यूयॉर्कमध्ये पाहावी लागली नाही, बडोद्यात पाहावी लागली.

मुंबईला परतल्यावरची तीन वर्षे कशी गेली? चार वर्षांची मुदत सरत चालली होती. हाती पैसा नव्हता. शिकवण्या केल्या. शेअर बाजारात गुंतवणुकीचा सल्ला देणारी कचेरी काढली. सल्लागार कोणत्या जातीचा आहे हे कळताच गिऱ्हाईक फिरकेनासे झाले आणि ती बंद पडली. पण याच काळात १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींवरचा त्यांचा निबंध अर्थशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. शेतीवरचा जादा माणसांचा भार उद्योगांकडे वळवल्याशिवाय तुकड्यांचा प्रश्न सुटणार नाही, हे त्यांनी त्यात मांडले. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात साडेचारशे रुपये पगारावर प्राध्यापकी मिळाली. आधी विद्यार्थ्यांनी नाक मुरडले, नंतर दुसऱ्या कॉलेजांतले विद्यार्थीही त्यांची व्याख्याने ऐकायला येऊ लागले. सहकारी प्राध्यापकांना मात्र त्यांनी त्याच भांड्यातले पाणी प्यावे हे खपले नाही. १९१९ च्या जानेवारीत त्यांनी साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांच्या प्रतिनिधित्वाबद्दल साक्ष दिली. ३१ जानेवारी १९२० रोजी मूकनायक सुरू केला, त्याला शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले. मार्चमध्ये माणगावची परिषद गाजली.

हे सारे एका वाट पाहणाऱ्या माणसाने केलेले काम आहे. लंडनला परत कधी जाता येईल हे ठाऊक नव्हते. त्या अनिश्चित काळात निबंध लिहिला गेला, वर्तमानपत्र निघाले, समाजाची बाजू सरकारदरबारी मांडली गेली. आणि पगारातला पैसा साठत गेला. तो कसा साठला? घर रमाईने चालवले म्हणून साठला. परळच्या चाळीतल्या दोन खोल्यांत काटकसरीने संसार करणाऱ्या त्या माउलीने नवऱ्याच्या शिक्षणाची वाट जितकी पाहिली तितकी क्वचितच कोणी पाहिली असेल. पाच अपत्यांपैकी चार डोळ्यांदेखत गेली. एकटा यशवंत राहिला. विद्यापीठांच्या कागदपत्रांत रमाईचे नाव कुठेही नाही. पण त्या पदव्यांची फी कोणी भरली असा हिशेब मांडला तर पहिले नाव तिचेच लिहावे लागेल.

जुलै १९२० मध्ये बाबासाहेब पुन्हा लंडनला निघाले. स्वतःची शिल्लक होती, शाहू महाराजांनी दीड हजार रुपये दिले होते आणि नवल भथेना या पारशी मित्राने पाच हजार रुपये कर्जाऊ दिले होते. चार वर्षांची मुदत संपायला साधारण वर्षभर उरले असताना ते पुन्हा वर्गात बसले. ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय उघडायच्या वेळी आत जायचे आणि बंद व्हायच्या वेळी बाहेर पडायचे. रात्री खोलीवर भूक लागली तर पापड भाजून खायचे. पैसे अपुरे पडू लागले तेव्हा सप्टेंबर १९२१ मध्ये त्यांनी शाहू महाराजांना पत्र लिहून दोनशे पौंडांचे साहाय्य मागितले. मागताना कमीपणा वाटून घेतला नाही, कारण ते स्वतःच्या चैनीसाठी मागत नव्हते. त्याच वर्षी एम. एस्सी. झाले. जर्मनीच्या बॉन विद्यापीठातही नाव नोंदवले. जून १९२२ मध्ये बॅरिस्टरीची सनद मिळाली. ऑक्टोबरात रुपयाच्या प्रश्नावरचा डी. एस्सी.चा प्रबंध सादर केला.

आणि पुन्हा वाट. मार्च १९२३ मध्ये निर्णय कळला. प्रबंध जसाच्या तसा स्वीकारता येणार नाही, त्यात बदल करून द्या, असे परीक्षकांचे म्हणणे होते. इंग्रज सरकारने चलनाचे धोरण हिंदुस्थानच्या नव्हे तर स्वतःच्या सोयीने चालवले, हे त्या प्रबंधाने आकडेवारीसह दाखवले होते. साम्राज्याच्या राजधानीत ते पचणे सोपे नव्हते. विचार करा, दहा वर्षांची मेहनत, कर्ज, घरी उपासमार, आणि हातात आलेले उत्तर म्हणजे फिरून लिहा. लंडनमध्ये राहून फेरलेखन करण्याइतके पैसेही उरले नव्हते. एप्रिलमध्ये ते मुंबईला परतले. इथे बसून प्रबंध नव्याने मांडला, पण निष्कर्ष बदलले नाहीत. ऑगस्टमध्ये लंडनला पाठवला आणि पुन्हा टपालाची वाट पाहिली. नोव्हेंबर १९२३ मध्ये डी. एस्सी. मिळाली. प्रबंध पुस्तकरूपाने आला तेव्हा त्याला त्यांचे गुरू एडविन कॅनन यांची प्रस्तावना होती.

आता कोलंबियाची राहिलेली गोष्ट. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्ताच्या विकासावरचा तो प्रबंध १९२५ साली लंडनमध्ये छापून प्रसिद्ध झाला. सेलिग्मन यांनी प्रस्तावना लिहिली आणि बाबासाहेबांनी ग्रंथ सयाजीराव महाराजांना अर्पण केला. प्रती कोलंबियाला गेल्या आणि ८ जून १९२७ रोजी पीएच. डी.ची पदवी रीतसर प्रदान झाली.

ही तारीख आपल्या भागातील वाचकांनी नीट लक्षात घ्यावी. त्याच वर्षी २० मार्चला बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले होते. आणि त्यानंतर दीड महिन्याने, ३ मे १९२७ रोजी, ते बदलापूरला आले होते. इथल्या शिवजयंती उत्सवाचे अध्यक्षस्थान त्यांनी भूषवले. आज कर्जत लोकलमधून उतरून कात्रप, मांजर्ली, बेलवलीकडे धावणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल? बदलापूरच्या मातीवर उभे राहून जो माणूस त्या दिवशी बोलत होता, त्याची १९१६ सालच्या प्रबंधाची पदवी त्या क्षणीही यायची होती. ती पाच आठवड्यांनी मिळाली. पदवीचा कागद हाती यायची वाट पाहत ते कोलंबियाकडे डोळे लावून बसले नव्हते. तोवर महाडचा संगर होऊन गेला होता.

वाट पाहून मिळवलेल्या या विद्येचे त्यांनी काय केले, हेही सांगितले पाहिजे. १९२५ साली चलनविषयक हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष दिली. १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोतीविरुद्ध विधेयक आणले. १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना कामगारांचे तास, सेवायोजन कार्यालये, दामोदर खोऱ्याची योजना अशी धोरणे हाताळली. उल्हासनगर-अंबरनाथच्या कारखान्यांत ज्यांनी आठ तासांची पाळी करून मुले वाढवली, त्यांच्या घड्याळातही बाबासाहेबांची विद्या आहे.

आणि आणखी एक काम त्यांनी केले. २९ ऑक्टोबर १९४२ रोजी व्हाईसरॉय लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. त्यात उच्च शिक्षणासाठी आणि परदेशी शिक्षणासाठी सरकारने पैसा द्यावा ही मागणी होती. १९४४ पासून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. काही विद्यार्थी सरकारी खर्चाने परदेशीही गेले. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी आणि १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय उभे राहिले. या कामाचे मोल समजून घ्या. स्वतः बाबासाहेबांना एका गुरुजींची ओळख, एका राजाची उदारता, दुसऱ्या राजाचे साहाय्य आणि एका मित्राचे कर्ज यांवर अवलंबून राहावे लागले. ही सारी माणसे थोर होती, म्हणून जमले. ती तशी नसती तर? प्रत्येक भीमरावाला केळुसकर गुरुजी भेटतीलच असे नाही. म्हणून जे स्वतःला कृपेने मिळाले, ते पुढच्या पिढीला हक्काने मिळावे, सरकारच्या अंदाजपत्रकात त्याची तरतूद असावी, अशी व्यवस्था त्यांनी करून ठेवली.

त्या हक्काचे आज काय झाले आहे? अनुसूचित जातींसाठीची केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून चालू आहे. राज्याची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती आहे. पण २०२२ साली केंद्राने नियम बदलले आणि भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास या विषयांसाठी ही शिष्यवृत्ती मिळणार नाही असे ठरवले. म्हणजे १९१६ साली कोलंबियात जातींवर निबंध वाचणारा भीमराव या नियमाखाली अर्ज घेऊन आला असता, तर त्याला विषय बदलून या असे सांगितले गेले असते. त्यानंतर २०२५ च्या जुलैमध्ये बातमी आली की, निवड झालेल्या १०६ विद्यार्थ्यांपैकी ४० जणांनाच शिष्यवृत्तीची पत्रे दिली गेली आणि उरलेल्या ६६ जणांना निधी उपलब्ध झाल्यास कळवू असे सांगण्यात आले. विद्यापीठाचा होकार हातात, वर्ग सुरू व्हायला दोन महिने, आणि सरकार म्हणते वाट पाहा. त्या ६६ घरांतले ते दिवस कसे गेले असतील? ज्याचा बाप पैसेवाला आहे तो अशा वेळी अनामत भरून जागा धरून ठेवतो. आपल्या मुलाची जागा मुदत संपताच दुसऱ्याला जाते. वाट पाहणे सर्वांच्या नशिबी असते, पण वाट पाहणे परवडणे ही वेगळी गोष्ट आहे. शंभर वर्षांपूर्वीही प्रश्न हाच होता.

म्हणून अंबरनाथच्या त्या मुलीला माझे उत्तर असे आहे. होकार येईल किंवा येणार नाही, ते तुझ्या हातात नाही. नकार आला तर बाबासाहेबांचा प्रबंधही एकदा परत आला होता, हे आठव. तो त्यांनी नव्याने लिहिला, पण आपले म्हणणे सोडले नाही. होकार आला आणि पैसा नसला, तर जागा सोडण्याआधी विद्यापीठाला पत्र लिहून प्रवेश पुढच्या वर्षापर्यंत राखून ठेवता येतो का ते विचार. बाबासाहेबांनी १९१७ साली नेमके हेच केले होते. आणि तोवर हाताची घडी घालून बसू नकोस. तुझ्या विषयाचा अभ्यास करायला न्यूयॉर्कच लागते असे नाही. तुझ्या चाळीत पाणी किती तास येते, नगरपालिकेच्या अंदाजपत्रकातला दलित वस्तीचा पैसा कुठे खर्च होतो, कंत्राटी सफाई कामगाराच्या हातात पगारातले किती पडते, हे शोधून लिही. तोच तुझा लहान शेतजमिनींवरचा निबंध.

आणि समाजाला माझे सांगणे आहे. ही मुलगी एकटीने वाट पाहते आहे, हा आपल्या सर्वांचा दोष आहे. जयंतीला डीजे आणि कमानींसाठी जी वर्गणी आपण गोळा करतो, तिच्यातला थोडा भाग बाजूला काढला तर सुभाष टेकडीपासून बदलापूरपर्यंतच्या विहारांत अर्जाची फी, इंग्रजीच्या परीक्षेची फी आणि प्रवेशाची अनामत भरण्यापुरता निधी उभा राहू शकतो. परत करण्याच्या बोलीवर दिला तरी चालेल, नवल भथेनांनीही कर्जच दिले होते. उत्पन्नाचा दाखला, जात पडताळणी यांचे कागद मुलांनी प्रवेशाचे पत्र आल्यावर गोळा करू नयेत, अर्ज करतानाच तयार ठेवावेत, हे सांगणारे कोणी तरी प्रत्येक वस्तीत असले पाहिजे. जे शिकून परदेशी गेले, दिल्ली-बंगळूरला गेले, त्यांनी वर्षातून एकदा जरी आपल्या विहारात येऊन अर्ज कसा लिहायचा हे दाखवले तरी एक केळुसकर गुरुजी वस्तीला मिळतील. आणि शिष्यवृत्तीची तरतूद, तिची वेळ आणि तिचे नियम यांवर सरकारला जाब विचारणे हे तर चळवळीचे कामच आहे. तो प्रश्न विद्यार्थ्यांवर सोपवून चालणार नाही.

१९५२ साली कोलंबिया विद्यापीठाने बाबासाहेबांना बोलावून सन्माननीय डॉक्टरेट दिली. ज्या दारात ते विद्यार्थी म्हणून गेले होते, त्याच दारातून राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून गेले. त्या दारापर्यंत पोहोचवणारी वाट मात्र परळच्या चाळीतून आणि कामाठी बागेतून गेली होती. येत्या रविवारी विहारात जाल तेव्हा आपल्या वस्तीत कोण कोण अशी वाट पाहत बसले आहे, त्यांची नावे विचारा आणि वहीत लिहून घ्या. कामाला तिथूनच सुरुवात करू. जय भीम!